झाडून लख्ख

८ मे

मोजपट्टे,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून तुझा दादा तुला जी हाक मारायचा तीच लिहिली. लहानपणी तू घरभर पट्टी घेऊन मांजराची शेपटीसुद्धा मोजायचीस, हे त्याने मला लग्नानंतर निदान शंभरदा सांगितलं असेल. आता ही हाक मारणारं कुणी उरलं नाही, तर मीच मारते.

तुला दवाखान्यात निरोप मिळाला हे कळलं. तुझ्या पायावर भिंत पडली हेही कळलं. दादाला शेवटचं बघायला येता आलं नाही म्हणून स्वतःला खात बसू नकोस. तो चांगला दिसत होता. खोटं नाही सांगत, कपाळावर एक खोक होती तेवढीच.

भोवरा आला तेव्हा मी आत होते आणि तो बाहेर होता. मी बाहेर आले तेव्हा समोर सरळ शाळा दिसली. आपल्या घरातून शाळा कधी दिसायची नाही, मध्ये स्वयंपाकघराची भिंत होती. मी कितीतरी वेळ शाळेकडेच बघत उभी राहिले. ही इथे कशी आली, एवढाच विचार डोक्यात. मग कुणीतरी माझं तोंड दुसरीकडे वळवलं. वळवायला नको होतं, कारण त्या बाजूला तो होता.

शिंप्याच्या घरातलं कुणीही राहिलं नाही. दूधवाल्याची आई गेली. शाळेची घंटा पार तळ्यापलीकडे सापडली. आणि एक कोंबडी बघितली, अंगावर एक पीस नाही, आणि ती आपली दाणे टिपत चालली आहे. मला हसू आलं, मोजपट्टे. अशा दिवशी मी हसले, आणि बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

फोन करू नकोस, लागणार नाही. सगळे खांब आडवे झालेत आणि ते उभे करणारा वायरमन, तुझा दादा, तोच गेला. मी शेजारी ट्रॅक्टरवाल्यांकडे राहते. त्यांची बायको मला काही करू देत नाही, नुसता चहा देते. मदतीची गाडी येते ती पत्रं नेते, म्हणून हे लिहिलं.

त्याची पक्कड मला आणून दिली. हातातच होती म्हणे. मरतानाही हा माणूस कामच करत होता की काय, कुणास ठाऊक.

तुझी
वहिनी


१२ मे

वहिनी,

तुझं पत्र छातीवर ठेवून सकाळभर पडून होते. नर्सला वाटलं मला दुखतंय, तिने गोळी दिली. मी घेतली.

मला अजून खरं वाटत नाही. मी रोज हेच काम करते गं. वादळ गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे जायचं, पडलेली घरं मोजायची, माणसांना विचारायचं. मी लोकांच्या दारात उभी राहून वहीत आकडे लिहिले आहेत. त्या दिवशीही वादळाच्या वाटेच्या वरच्या टोकाच्या गावात मी तेच करत होते, आणि त्याच वाऱ्याने खालच्या टोकाला दादाला नेलं होतं. मला पत्ता नव्हता. भिंत पायावर पडली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की आता दादा हसणार.

तू एकटी कशी आहेस? झोपतेस का? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

आता जे लिहिते ते वाचून चिडू नकोस. पुढच्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा माणूस तुमच्याकडे येईल. मला यायची परवानगी नाही, पाय धड असता तरी नसती. स्वतःच्या माणसांचं घर स्वतः तपासायचं नाही असा आमचा नियम आहे. नियम बरोबरच आहे. पण फोटो आणि कागद शेवटी माझ्याच टेबलावर येणार, कारण या दिवसांत बसून काम करणारी मी एकटीच आहे.

तुला कधी नीट सांगितलं नाही, आम्ही काय करतो ते. तुम्ही त्याला भोवरा म्हणता, आम्ही टोर्नेडो. त्याच्या पोटात वारा मोजणारं यंत्र टिकत नाही. म्हणून तो गेल्यावर आम्ही जातो आणि त्याने काय मोडलं यावरून तो केवढा होता ते ठरवतो. झाडाची साल निघाली का, भिंत कुठे पडली, खिळा वाकला की उपटला. त्यावरून शून्य ते पाच असा नंबर द्यायचा. पाच म्हणजे वाऱ्याने घर पायापासून उचललं आणि फरशीवर काही ठेवलं नाही. फरशी झाडून गेली असं आम्ही म्हणतो. मी एवढ्या वर्षांत पाच कधीच लिहिलेला नाही.

म्हणून एवढं कर. कशाला हात लावू नकोस. वीट, पत्रा, खिळा, जे जिथे आहे तिथेच राहू दे. आणि मला सांग, आपल्या घराची फरशी झाडून गेली होती का?

हे मी तुला विचारते आहे याची मलाच लाज वाटते. पण दादाला कशाने नेलं ते मला कळायला हवं.

तुझीच


१७ मे

मोजपट्टे,

तुमच्या ऑफिसचा मुलगा काल येऊन गेला. फार गुणी पोर. पायातले बूट काढून फरशीवर चढला. मी म्हटलं, बाबा, घरच नाही तर बूट कशाला काढतोस, तर बिचारा रडवेला झाला. त्याने फोटो काढले, टेप लावली, पायाच्या दगडात वाकून काहीतरी बघितलं. मला विचारलं, इथं सगळं असंच होतं का. मी हो म्हटलं. अजून काय सांगणार?

तू विचारलंस, फरशी झाडून गेली होती का. हो गं, झाडून लख्ख. काडीसुद्धा नव्हती.

गावात सध्या दुसरा विषय नाही. मंडळी पारावर बसावीत तशी पडक्या दुकानाच्या पायरीवर बसतात आणि नंबरावर वाद घालतात. सगळ्यांना पाच हवा आहे. दूधवाला तर म्हणतो, माझी आई चारने गेली असं कुणी लिहिलं तर मी ऑफिसात येऊन गोंधळ घालीन. परवा मला हे वेडेपणाचं वाटलं. काल रात्री पडल्या पडल्या मलाही वाटायला लागलं की पाचच असू दे. पाच म्हणजे कुणी काही करू शकलं नसतं, हो ना? कुणी आत असो, बाहेर असो, सगळं सारखंच. तूच लिहिलंस ना तसं?

झोप लागते का विचारलंस, तर लागते. मधूनच जाग येते आणि हाताची मूठ घट्ट मिटलेली असते. नळाचा वळ अजून तळव्यावर आहे, तो दुखतो. बाकी मी बरी आहे.

ट्रॅक्टरवाले काका तुझी चौकशी करत होते. फार कमी बोलतात. माझ्याकडे बघून बोलायला जातात आणि थांबतात. बहुतेक त्यांना दादाची आठवण येत असेल.

वहिनी


२३ मे

वहिनी,

फोटो आले. मी आपली फरशी बघितली. स्वयंपाकघरातली ती एक फुटकी लादी, जिच्यावर दादा दर वेळी ठेचकाळायचा, ती तेवढी ओळखू आली. मी फोटो पालथा घातला आणि परत सरळ केला. 

साहेबांनी नंबर पाच ठरवला आहे. वादळाच्या सगळ्या वाटेत पाच फक्त आपल्या घराला. बाकी सगळीकडे दोन आणि तीन. साहेब एरवी कधी उठून कुणाच्या टेबलाजवळ येत नाहीत. ते आले, फोटो बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, तुमच्या भावाचं घर आहे का हे? मी हो म्हटलं. ते चष्मा पुसत परत गेले. अहवाल सोमवारी वर जाईल.

पण मला काहीतरी खटकतं आहे.

त्या फोटोंत आपल्या घरामागचं झाड दिसतं. फांद्या मोडल्या आहेत, पण बुंध्याला साल आहे. ट्रॅक्टरवाल्यांची गोठ्याची भिंत दिसते. वरचे पत्रे गेलेत, भिंत उभी आहे, आणि ती आपल्या अंगणाला लागूनच आहे. पाचचा वारा एका घराची काडी ठेवत नाही आणि शेजारच्या गोठ्याची भिंत ठेवतो, असं होऊ शकतं, अगदीच होत नाही असं नाही. पण मला ते पटत नाही.

आणि तुझा तळवा. वहिनी, कुठला नळ? तू पहिल्या पत्रात लिहिलंस की तू आत होतीस. मी समजले, घरात कुठेतरी. माझ्यात विचारायची हिंमत नव्हती. पण आता विचारते. आपल्या घरात हाताने धरता येईल असा नळ एकाच ठिकाणी होता, न्हाणीघरात. आणि पाचच्या वाऱ्यात नळ धरून कुणी राहत नाही. नळच राहत नाही.

फोटोत न्हाणीघर नाही. फरशीवर त्याच्या भिंतींची रेघ तेवढी आहे.

मी हे साहेबांना अजून बोललेले नाही. आधी तू मला सांग.

तुझी
मोजपट्टी


२७ मे

हे बघ, मला चौकशीला बसवू नकोस.

फरशी मी झाडली. मी स्वतः. दोन दिवसांनी लोक भेटायला येणार होते, माझ्या माहेरची माणसं येणार होती. त्यांना काय विटांच्या ढिगात बसवायचं होतं? ट्रॅक्टरवाल्यांनी आणि गावातल्या पोरांनी ढीग उचलून खड्ड्यात नेऊन टाकला. मग मी काकूंकडून झाडू आणला आणि झाडून काढलं. दोनदा. मग पाणी मारलं. लोक आले, बसले, रडले आणि गेले. तुझं ते ‘हात लावू नकोस’ पत्र मागाहून आलं.

तू विचारलंस फरशी झाडून गेली होती का. मला वाटलं, नणंद आहे, विचारते आहे लोक आले तेव्हा जागा नीट झाडलेली होती ना. नणंदा असलं विचारतात. मला तेव्हा रागही आला होता. मग तुझं पत्र पुन्हा नीट वाचलं आणि मला कळलं की तुमच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. तोवर माझं उत्तर टाकून झालं होतं. आणि मी दुरुस्त केलं नाही.

हो, न्हाणीघर उभं होतं. मी त्यातच होते. ते मी मागाहून ट्रॅक्टर लावून पाडायला लावलं. का, ते विचारू नकोस.

पाच लिहिलंय ना, मग ते तसंच राहू दे. तुझ्या भावासाठी एवढं कर.


३१ मे

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी मी हसले, खरंच सांगते. सगळ्या खात्याने कपाळाला आठ्या घालून ज्या फरशीचा अभ्यास केला ती माझ्या वहिनीने झाडूने झाडलेली. दादाला हे सांगता आलं असतं तर तो आठवडाभर हसत राहिला असता. तुझ्या झाडण्याला तो किती चिडवायचा! चप्पल काढून ठेवली की परत बाहेर जाईपर्यंत धुऊन वाळत घातलेली असायची, असं सांगायचा. आणि मग मला रडू आलं ते थांबेना.

अहवाल मी थांबवला आहे. कारण सांगितलेलं नाही, कागद अपुरे आहेत एवढंच म्हटलं. पण मला तो बदलावा लागेल, वहिनी. न्हाणीघर उभं होतं म्हणजे हा पाच नाही. माझ्या हिशेबाने तीन आहे. घराच्या मोठ्या भिंती पडतात, छप्पर जातं, आणि मधली छोटी, चारी बाजूंनी जवळ भिंती असलेली खोली राहते. तीनचं हे ठरलेलं रूप आहे.

हा नुसता आकड्याचा हट्ट नाही. पाच लिहिलं की पुढे काय होतं ते ऐक. पुढच्या वेळी वारा येईल तेव्हा लोक म्हणतील, त्या घरात काडी उरली नाही, लपून उपयोग काय? मग कुणी छोट्या खोलीत जाणार नाही. आणि खरं तर त्या घरात छोटी खोली उरली होती आणि तिच्यात एक बाई जिवंत होती. हे लिहिलं नाही तर मी कुणाच्या तरी मरणाला हातभार लावते. तसं मी करणार नाही, तुझ्यासाठीही नाही.

पण मला एक कळत नाही. ज्या खोलीने तुला वाचवलं ती तू पाडलीस का? माणसं असली खोली जपून ठेवतात. तू काय लपवते आहेस? मी नंबरासाठी विचारत नाही. त्या खोलीच्या बाहेर दादा का होता, हे मला कळायला हवं. तो आत का आला नाही? मला रोज सकाळी उठल्यावर पहिला हाच प्रश्न पडतो.

तुझी
मोजपट्टी


४ जून

मोजपट्टे,

सांगते. एकदाच सांगेन.

त्या न्हाणीघराची आतली कडी कधीपासून तुटलेली होती. तुझ्या दादाने गावातल्या प्रत्येक घरात वायर ओढली, पण स्वतःच्या घरातली कडी बसवायला त्याला वेळ नव्हता. आज करतो, उद्या करतो. त्या दुपारी मी पाय धुवायला आत गेले आणि तिथूनच पुन्हा भुणभुण सुरू केली. कडी नाही, दार सारखं उघडं पडतं, मी काय दार धरून आंघोळ करू? तो बाहेरून म्हणाला, थांब, मी बाहेरून लावतो, मग कोण येतंय बघू. आणि कडी लावली. ही त्याची जुनी मस्करी. आधीही दोनतीनदा केली होती. मी ओरडले की हसत हसत उघडायचा.

मी ओरडले. त्याने उघडलं नाही. मी दार ठोकलं, ढकललं, शिव्या दिल्या. तेवढ्यात एक आवाज यायला लागला. मला वाटलं मालगाडी येते आहे, आणि मग आठवलं की इथे रूळच नाहीत. त्याने बाहेरून काहीतरी ओरडून सांगितलं. मला त्यातलं फक्त ‘नकोस’ ऐकू आलं. काय नकोस, ते नाही. मी चिडलेली होते. मी म्हटलं, मर तिकडे.

हे मी त्याला बोललेलं शेवटचं.

मग कान फुटल्यासारखे झाले, अंधार झाला आणि मी नळाला धरून खाली बसले. दार थरथरत होतं पण उघडलं नाही. सगळं संपल्यावर मी किती वेळ दार ठोकत होते ते आठवत नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी काढलं. मी बाहेर आले तेव्हा ते दाराशीच उभे होते, आणि तो भिंतीलगत पडला होता, वर छपराची कैची.

आता सांग. कडी बाहेरून लावलेली. लोक आज ना उद्या विचारणार होते, बाई आत आणि कडी बाहेरून, हे कसं? बायकोला कोंडून ठेवत होता, असंच म्हणाले असते. जिवंत माणसाला आपलं बोलता येतं, मेलेल्याला येत नाही. तुझा दादा कसाही असो, तसा नव्हता. म्हणून मी ती खोलीच ठेवली नाही. दारासकट पाडायला लावली.

आणि माझ्या मनात काय आहे तेही ऐक. ती मस्करी त्याने एवढी लांबवली नसती आणि दार उघडलं असतं, तर तोही आत आला असता. त्याच्या मस्करीनेच त्याला नेलं, आणि मी त्यावर ‘मर तिकडे’ म्हटलं. पाच असेल तर या सगळ्याला काही अर्थ उरत नाही. कडी आतून असो की बाहेरून, पाचमध्ये सगळं सारखं. तीन असेल तर मला जन्मभर तेच दार दिसत राहणार.

म्हणून मी पाच मागितला. आता तुला करायचं ते कर.

वहिनी


९ जून

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, अक्षर समजून घ्या.

तुम्ही विचारलंत, वहिनींना काढलं तेव्हा दार कसं उघडलं, कडी नुसती सरकवली का. हे वहिनींना दाखवू नका अशी आधी माझी विनंती होती. पण तुम्ही लिहिलंत की वहिनी सगळं बोलल्या आहेत, तर मीही सांगतो.

कडी नुसती लावलेली नव्हती. कडी आणि कोयंडा एकत्र करून त्यातून जाड तार घातली होती आणि पिळून बांधली होती. दोन तीन वेढे. ती हाताने निघेना. मला पक्कड लागली. पक्कड मी तुमच्या भावाच्याच हातातून घेतली. बोटं घट्ट होती. तार कापली आणि दार उघडायच्या आधी खिशात घातली.

मी का लपवली ते सांगतो. मला वाटलं, दोघांचं भांडण झालं असेल आणि याने रागात दार तारेने बांधून टाकलं. भांडणाचा आवाज माझ्या गोठ्यापर्यंत आला होता. वहिनींना हे कळलं तर त्या नवऱ्याच्या नावाने काय म्हणतील, या भीतीने मी गप्प राहिलो. त्यांनी खोली पाडायला सांगितली तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही. मला सुटल्यासारखंच झालं.

तार माझ्याकडे आहे, फेकता आली नाही. पाकिटात घालून पाठवतो. एक गोष्ट मात्र बघा. तारेची टोकं त्याने आत वळवून दाबली आहेत, कुणाला टोचू नयेत म्हणून करतात तशी. रागात बांधणारा माणूस असं करतो का, हे मला तेव्हापासून कळत नाहीये.

आपला,
ट्रॅक्टरवाला


१४ जून

वहिनी,

हे पत्र बसून वाच.

सोबत तारेचा एक तुकडा आहे. तो तू ओळखशील. टोकं बघ कशी आत वळवली आहेत. दादा प्रत्येक तार अशीच संपवायचा. माझ्या होस्टेलच्या खोलीत कपड्यांची दोरी बांधताना त्याने तारेची टोकं अशीच दाबली होती आणि म्हणाला होता, पोरींचे हात आहेत, फाटतील.

ही तार त्या न्हाणीघराच्या बाहेरच्या कडीला होती. ट्रॅक्टरवाले काकांनी कापली आणि तुझ्यापासून लपवली. तू गावापासून कडी लपवलीस, त्यांनी तुझ्यापासून तार. दोघांनाही वाटलं, कुणाला कळलं तर दादाची बदनामी होईल. तुम्ही दोघं महिनाभर एका घरात चहा पिऊन एकमेकांशी गप्प बसलात. मला तुम्हा दोघांवर ओरडावंसं वाटतं आणि दोघांच्या पाया पडावंसंही वाटतं.

आता माझं काम ऐक. हे मी नणंद म्हणून लिहीत नाही, मोजणारी म्हणून लिहिते.

ते दार बाहेर उघडणारं होतं. आतली कडी नव्हती. आतून धरायला मूठही नव्हती, तुला आठवत असेल, तू म्हणायचीस दार बोटांनी ओढावं लागतं. वारा जवळ आला की असं दार तो आधी बाहेर खेचून घेतो. आतून दोन माणसांनी मिळून धरलं तरी राहत नाही. दार गेलं की वारा आत शिरतो, वरचा स्लॅब उचलतो आणि भिंती बाहेर पडतात. मी अशा कितीतरी खोल्या बघितल्या आहेत. दार गेलेलं असतं आणि खोलीही गेलेली असते. दार राहिलेलं असतं तिथेच माणसं सापडतात. नुसती लावलेली कडीही अशा वाऱ्यात हादऱ्याने सुटते.

त्याने आधी मस्करीतच कडी लावली असेल. मी त्याला ओळखते. पण मग त्याने मागे वळून बघितलं असेल. त्याला भोवरा दिसला असेल. तेव्हा त्याला दोनच गोष्टी करता येत होत्या. दार उघडून आत यायचं, आणि मग ते दार आतून कशालाही बांधता आलं नसतं. किंवा बाहेरून बांधायचं. तारेचं भेंडोळं त्याच्या खांद्यावर असायचंच, पक्कड खिशात. त्याला तू आत असताना सुटणारं दार नको होतं.

त्याने टोकं आत वळवली, वहिनी. तो आवाज येत असताना त्याने टोकं आत वळवली. दार उघडताना तुझ्या हाताला लागू नयेत म्हणून. हे मी टाइप करताना दोनदा उठले आणि पाय आपटत खोलीभर फिरले, प्लास्टर गेलं खड्ड्यात.

पाच असता तर तारेने काही झालं नसतं. घर, खोली, दार, तार, तू, सगळंच गेलं असतं आणि त्याने काय केलं ते कुणाला कळलंही नसतं. तीन होता म्हणून दार राहण्याला अर्थ होता. तीन होता म्हणून तू आहेस.

मी नंबर अजून लिहिलेला नाही. मला लिहायचाच आहे, पण आधी तुला सांगायचं होतं. आता सांगितलं.

तुझी
मोजपट्टी


१९ जून

मोजपट्टे,

तार मिळाली.

काकूंनी विचारलं काय आहे पाकिटात, मी त्यांच्या हातात दिली. काका चुलीपाशी बसले होते, ते उठून बाहेर गेले. मग मी बाहेर गेले. आम्ही दोघं त्यांच्या गोठ्याच्या त्या राहिलेल्या भिंतीला टेकून उभे राहिलो आणि मी लहान पोरीसारखी रडले. इतके दिवस मला नीट रडूच येत नव्हतं.

मग मी आपल्या फरशीवर गेले. न्हाणीघराच्या दाराची जागा शोधली, रेघेवरून कळते. तिथे बाहेरच्या बाजूला उभी राहिले, तो उभा होता तिथे. शाळा दिसते तिथून. तळं दिसतं, आणि त्या बाजूला आपली खिडकी होती. भोवरा येताना त्याला पूर्ण दिसला असणार.

ते ‘नकोस’ मला आता कळलं. मी आतून सारखं दार ढकलत होते ना. ढकलू नकोस, असंच म्हणाला असेल. मी ढकलत असताना त्याला तार पिळता येत नव्हती.

त्याला ‘मर तिकडे’ ऐकू गेलं असेल का, ते मला कधीच कळणार नाही. तुझ्या कुठल्या यंत्राने ते मोजता येत नाही, हे मला माहीत आहे. मी ते घेऊन राहीन.

पण एक काम कर. तीन लिही. पाच नको, चारही नको. दूधवाल्याला मी समजावते.

आणि खाली स्वच्छ अक्षरात लिही, फरशी घरातल्या बाईने झाडली होती, आणि न्हाणीघराची कडी बाहेरून लावलेली होती.

वहिनी